‘ही विंडोज अस्सल नाही’ : आपल्या गावातल्या कम्प्युटरच्या कुलपांचा इतिहास

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

तहसीलसमोर, मोंढ्यात, बसस्टँडजवळ, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात उभं राहा आणि कम्प्युटरच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात बघा. बऱ्याच ठिकाणी फिकट करड्या अक्षरांत इंग्रजीत दोन ओळी दिसतात. विंडोज ॲक्टिव्हेट करा, त्यासाठी सेटिंगमध्ये जा. आपलं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, पोरीचा जातीचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, सगळं त्या दोन ओळींच्या साक्षीनं भरलं जातं. चालकाला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘‘काही नाही सर, ते तसंच येऊ लालंय. कामाला काही अडचण नाही.’’

कामाला अडचण नाही, हे खरंच आहे. अडचण दुसरीच आहे. ती समजायला थोडं मागं जावं लागतं.

१९७५ मध्ये अमेरिकेत ऑल्टेअर नावाचा हौशी लोकांसाठीचा छोटा कम्प्युटर आला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी त्याच्यासाठी बेसिक ही भाषा लिहून दिली. ती भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळायची. हौशी मंडळींनी काय केलं, तर हाती लागलेल्या एका पट्टीच्या नकला काढून क्लबमध्ये वाटल्या. ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचं गेट्सचं एक खुलं पत्र आहे. वापरणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांनीसुद्धा पैसे दिलेले नाहीत, आम्ही घातलेल्या वेळेचा हिशोब केला तर तासाला दोन डॉलरही पदरात पडत नाहीत, अशी त्यात तक्रार आहे. पत्र लिहिणारा पोरगा तेव्हा वीस वर्षांचा होता. सॉफ्टवेअर ही पैसे मोजून घ्यायची वस्तू आहे, हेच तेव्हा पुष्कळांच्या डोक्यात नव्हतं. आपल्याकडं ते डोक्यात यायला अजून वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर पूर्ण आलेलं नाहीच.

कायदा मात्र आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन कम्प्युटरचा प्रोग्राम हा पुस्तकासारखाच लेखकाच्या हक्काचा मानला गेला. पुढं १९९४ च्या दुरुस्तीत ‘६३ ब’ हे कलम बसवलं. चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरला तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद न देण्याची सवलत कोर्टाला आहे. सेवा केंद्राचा वापर कशासाठी असतो ते तुम्हीच सांगा.

आता आपल्या भागाकडं येऊ. आपल्याकडं आलेलं पहिलं कुलूप विंडोजचं नव्हतं. ते मराठीचं होतं.

ज्यांनी नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतर डीटीपीचं काम केलंय त्यांना हे सांगायला नको. कम्प्युटरवर मराठी आणायला पुण्यातल्या लोकांनी मोठं काम केलं. आयआयटी कानपूरला १९८३ च्या सुमाराला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. खाजगीत पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी होती. तालुक्याच्या साप्ताहिकांपासून लग्नपत्रिकेच्या दुकानापर्यंत पेजमेकर आणि श्रीलिपी ही जोडी चालायची. त्या श्रीलिपीबरोबर बोटाच्या दोन पेरांएवढं एक लॉक यायचं. कम्प्युटरच्या मागं जिथं प्रिंटरची वायर लागते त्या पोर्टमध्ये ते खोचायचं आणि त्याच्यावर प्रिंटरची वायर. लॉक आहे तर मराठी आहे. लॉक काढलं की सगळं ठप्प.

हे कुलूप मला तरी प्रामाणिक वाटतं. ते हातात धरता यायचं, खिशात घालून नांदेडला नेता यायचं, एका मशीनचं काढून दुसऱ्याला लावता यायचं. तुमचं नाव काय, तुमच्या मशीनमध्ये कोणती हार्डडिस्क आहे, हे ते कुणालाही सांगायला जात नव्हतं. कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला पाहिजे. मराठी अक्षर घडवणं म्हणजे इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरं काढून मोकळं होणं नव्हे. जोडाक्षरं, रफार, मात्रा, वेलांट्या, एकेका फॉन्टमागं कलावंताचे महिने जातात. गिऱ्हाईक मोजकं, आणि एक सीडी तालुक्यात आली की महिन्यात पन्नास दुकानांत. लॉक नसतं तर ती दुकानदारी टिकलीच नसती.

पण त्या लॉकनं केलेलं नुकसान आपल्याला उशिरा कळलं. तेव्हाचे मराठी फॉन्ट आजच्यासारखे युनिकोड नव्हते. ‘क’ दिसायचा स्क्रीनवर, आत फायलीत मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची काहीतरी खिचडी असायची, आणि ती खिचडी प्रत्येक कंपनीची वेगळी. लॉक मोडलं, हरवलं, किंवा नव्या कम्प्युटरला प्रिंटरचं ते जुनं पोर्टच राहिलं नाही, की तुमचीच बातमी तुम्हाला वाचता येत नाही. लिहिणारा तुम्ही, फाईल तुमची, पैसे भरलेले तुम्ही, आणि उघडलं तर ओळीच्या ओळी निरर्थक. अक्षरं बदलून देणारे कन्व्हर्टर नंतर आले, पण सगळ्या फॉन्टचे नाहीत आणि सगळं शुद्ध उतरतही नाही. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्या काळातलं गावोगावचं लिखाण, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांचे अंक, यातलं किती आज उघडतं ते ज्यांच्याकडं जुन्या सीड्या आहेत त्यांनी बघावं. विंडोज २००० पासून मंगल फॉन्टसह युनिकोड मराठी विंडोजमध्येच आली, लॉकशिवाय. तरी छपाईचा धंदा पुढं कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टवर चालला, कारण छापायला अक्षर देखणं लागतं आणि मंगल देखणा नाही.

दुसरं कुलूप मोंढ्यात आलं, टॅलीचं. टॅलीचं लायसन नसेल तर ती ‘एज्युकेशनल मोड’मध्ये चालते. म्हणजे सगळं दिसतं, सगळं चालतं, पण नोंद फक्त १, २ आणि ३१ तारखेलाच टाकता येते. गंमत बघा, टॅलीचे क्लास केलेल्या पोरांच्या वहीत सगळी खरेदी-विक्री १ आणि २ तारखेलाच झालेली असते! हळदीच्या सिझनमध्ये आडत्याला ते कसं परवडणार? म्हणून मग क्रॅक. तरी मला ही युक्ती हुशारीची वाटते. शिकणाऱ्याला फुकट मिळालं, आणि धंदेवाल्याला सांगितलं की पैसे भर.

आता विंडोज.

विंडोज ९५ ला सीडीबरोबर एक नंबर यायचा. तो नंबर तपासायची रीत इतकी भाबडी होती की मुख्य सात आकड्यांची बेरीज सातनं भागली गेली की झालं. सगळीकडं एकच एक दाबत गेलं तरी चालायचं. सात एके सात. विंडोज ९८ ला पंचवीस अक्षरी की आली, पण ती तरी कोण कुठं विचारतोय? एका सीडीवर मार्करनं की लिहिलेली आणि ती सीडी गावभर.

मात्र त्याच ९८ च्या वेळी एक वेगळी गोष्ट झाली, जी आपल्याकडं फार कुणी वाचली नाही. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्मिथ नावाच्या प्रोग्रामरनं दाखवून दिलं की विंडोज ९८ ची नोंदणी करताना ‘माझ्या कम्प्युटरची माहिती पाठवू नका’ असं म्हटलं तरी मशीनचा एक ओळख क्रमांक कंपनीकडं जातोच. आणि ऑफिसमध्ये तयार केलेल्या फायलींतही तसाच क्रमांक बसतो. म्हणजे कागद कुणाच्या मशीनवर लिहिला गेला ते शोधता येतं. मायक्रोसॉफ्टनं मान्य केलं, दुरुस्ती देऊ म्हणाले, गोळा झालेलं पुसू म्हणाले. त्याच वर्षी इंटेलनं पेंटियम ३ च्या प्रोसेसरमध्ये वाचता येणारा क्रमांक घातला आणि त्यावरही ओरड झाली. शेवटी इंटेलनं तो पुढच्या प्रोसेसरांत सोडून दिला. कुलूप आणि पाळत यांची सांगड इथं पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आली.

२५ ऑक्टोबर २००१ ला विंडोज एक्सपी बाजारात आली आणि ‘ॲक्टिव्हेशन’ हा शब्द घरोघरी गेला. आता नुसती की चालेना. बसवल्यावर तीस दिवसांत कंपनीला कळवायचं. कळवायचं म्हणजे काय, तर मशीनमधली हार्डडिस्क, नेटवर्क कार्ड, प्रोसेसर, रॅम, सीडी ड्राइव्ह अशा दहा गोष्टींवरून एक आकडा तयार व्हायचा आणि तो त्या कीशी कायमचा जोडला जायचा. नेट नसेल तर फोन लावून पन्नासेक आकडे वाचून दाखवायचे आणि पलीकडून बेचाळीस आकडे लिहून घ्यायचे. बारा-बारा तासांच्या लोडशेडिंगच्या दिवसांत, डायल-अपचं कनेक्शन मध्येच तुटत असताना, हे करून बघा. मशीनचे जास्त भाग बदलले की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि आपल्याकडं भाग बदलत राहावेच लागतात, कारण विजेच्या चढउतारानं दर पावसाळ्यात मदरबोर्ड नाहीतर एसएमपीएस जातोच.

न्यायानं एक गोष्ट सांगितली पाहिजे. बर्लिनच्या एका कंपनीनं जुलै २००१ मध्ये हे ॲक्टिव्हेशन उघडून तपासलं, तेव्हा त्यात नाव-गाव जात नाही आणि त्या आकड्यावरून तुमच्या मशीनची नेमकी माहिती उलटी काढता येत नाही, असंच निघालं. म्हणजे २००१ चं कुलूप तेव्हा ओरड झाली तितकं वाईट नव्हतं. वाईट पुढं झालं.

योगायोग बघा. त्याच वर्षी, २० ऑगस्ट २००१ ला आपल्या राज्यात एमकेसीएल स्थापन झालं आणि मग एमएस-सीआयटी आली. तालुक्या-तालुक्यात क्लास निघाले. नोकरीला ती लागते, म्हणून पोरं, मास्तर, क्लार्क सगळे बसले. वेळेत पास न झालेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या वेतनवाढीची वसुली कशी निघाली ते कित्येक गुरुजींना अजून आठवत असेल. शिकवलं काय? विंडोज आणि ऑफिस. सरकारनं एका कंपनीचं सॉफ्टवेअर अख्ख्या राज्याला शिकवलं, ते चांगलंच केलं, निदान हात तरी बसला. पण घरी सराव करायला ते सॉफ्टवेअर आणायचं कुठून, किती रुपयांचं येतं, याचं एक वाक्य त्या काळात कुणी बोललं नाही. घरी असेंबल केलेला कम्प्युटर यायचा तो ‘सगळं टाकून’. त्या ‘सगळं’मध्ये विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, दोन गेम आणि एक गाण्यांचं फोल्डर. फॉरमॅट मारायचे दीडशे-दोनशे रुपये, त्यात विंडोज आलीच. मोठ्या कंपन्यांसाठीची ॲक्टिव्हेशन न मागणारी एक्सपीची एक की बाजारात येण्याआधीच फुटली होती. ‘एफसीकेजीडब्ल्यू’ पासून सुरू होणारी. कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कित्येकांना ती स्वतःच्या गाडीच्या नंबरसारखी पाठ होती.

कंपनीनंही स्वस्तातला एक प्रयोग केला. २००५ मध्ये हिंदीतली एक्सपी स्टार्टर एडिशन आणली. एका वेळी तीनच प्रोग्राम चालतील! चौथा उघडला की नाही म्हणायची. गरिबासाठी म्हणून काही काढायचं तर ते अपंग करूनच काढायचं, ही मोठ्या लोकांची जुनी खोड. फुकटात पूर्ण मिळत असताना अर्धं विकत कोण घेईल?

मग आला तो प्रकार, ज्यानं आजच्या सगळ्या भानगडीचं मूळ घातलं. २००५ पासून मायक्रोसॉफ्टनं ‘जेन्युइन ॲडव्हांटेज’ नावाची तपासणी सुरू केली. एकदा ॲक्टिव्हेट केलं म्हणजे सुटलात असं नाही, पुन्हा पुन्हा तपासणार. २००६ मध्ये तिचा पुढचा भाग आला तो सुरक्षेच्या अपडेटच्या रांगेतून, ‘महत्त्वाचा’ असा शिक्का मारून. जूनमध्ये लॉरेन वाइनस्टाइन या अमेरिकन अभ्यासकाच्या लक्षात आलं की हा प्रोग्राम न सांगता रोज कंपनीच्या सर्व्हरशी बोलतोय. बोंब झाली, कोर्टात दावे पडले, कंपनीनं रोजचं बोलणं चौदा दिवसांवर आणलं. २४ ऑगस्ट २००७ ला तर कंपनीच्या सर्व्हरवरच चुकीचा प्रोग्राम गेला आणि साधारण एकोणीस तास पैसे भरलेल्या लोकांनाही ‘तुमची विंडोज अस्सल नाही’ असं सांगितलं जात होतं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणं बारा हजारांच्या आतलीच मशीन होती. असतील. पण विकत घेतलेला माणूस चोर ठरला आणि क्रॅकवाला मजेत होता, कारण त्याच्या क्रॅकनं तपासणीच बंद केलेली होती.

ऑक्टोबर २००८ मध्ये चीनमध्ये नकली एक्सपीवाल्यांचा वॉलपेपर दर तासाला काळा होऊ लागला. आपल्याकडं काळी पार्श्वभूमी नीट ओळखीची झाली ती विंडोज ७ च्या वेळी. ‘‘सर, हे काहून काळं पडायलंय?’’ असं विचारत लोक दुकानात यायचे. आणि दुकानदार जो उपाय करायचा तो नीट वाचा. तो क्रॅक मारायचा आणि अपडेट बंद करायचा. कायमचं.

माझं या सगळ्या इतिहासातलं मुख्य म्हणणं इथंच आहे. सुरक्षेचे अपडेट नकली विंडोजलाही मिळतात, असं कंपनी सांगत होती आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण कंपनीनं औषध आणि जप्तीची नोटीस एकाच पाकिटातून पाठवली. लोकांनी पाकीट घेणंच बंद केलं. गावोगावच्या लाखो मशीनवर ‘अपडेट करू नका, विंडोज उडेल’ ही शिकवण पक्की बसली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसनं जगभर मशीनच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा त्यावरचा उपाय मार्चमध्येच, दोन महिने आधी, अपडेटमध्ये येऊन पडलेला होता. ज्यांनी अपडेट घेतला नव्हता ते सापडले. महिन्याभरानं तसल्याच दुसऱ्या हल्ल्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं.

क्रॅक कुणी फुकट का वाटतं, हा प्रश्न आपल्याकडं कुणालाच पडत नाही. मोठ्या संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टनं केएमएस नावाची सोय केली होती. संस्थेचा एक सर्व्हर आपल्या सगळ्या मशीनना ॲक्टिव्हेट करणार आणि ते दर १८० दिवसांत नवं होत राहणार. क्रॅक करणाऱ्यांनी तुमच्याच मशीनमध्ये खोटा सर्व्हर बसवून दिला. हाच तो ‘केएमएसपिको’. बसवताना पहिली सूचना काय असते? अँटिव्हायरस बंद करा. घराचं कुलूप उघडायला अनोळखी माणसाला बोलवायचं आणि तो म्हणतो म्हणून आधी कुत्रं बांधून ठेवायचं. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीनं दाखवलं की केएमएसपिकोच्या नावानं फिरणाऱ्या फायलीतून क्रिप्टबॉट नावाचा चोर आत शिरतो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेतो.

आता त्या ब्राउझरमध्ये कुणाचे पासवर्ड असतात ते बघू. २०११ पासून ग्रामपंचायतीत संग्राम केंद्रं आली, नंतर आपले सरकार सेवा केंद्रं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा, २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण, मग शेतकऱ्यांचा फार्मर आयडी. प्रत्येक वेळी रांगा. प्रत्येक वेळी आधार, पासबुक, रेशनकार्ड, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेले, तिथून कम्प्युटरवर घेतलेले आणि ‘डाउनलोड्स’मध्ये तसेच पडलेले. केंद्रातल्या पोराचा राग करू नका. पीकविम्याच्या एका अर्जाला त्याला चाळीस रुपये मिळायचे. विंडोज १० होमची भारतातली किंमत बाजारात आली तेव्हा ७,९९९ रुपये होती. म्हणजे दोनशे अर्ज नुसते विंडोजसाठी, ते पण सर्व्हर डाउन नसेल तर. परवाना देताना सरकारनं जागा तपासली, बोर्ड तपासला, दरपत्रक लावलं का ते बघितलं. मशीनवर काय चाललंय ते बघितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये हफपोस्टनं बातमी दिली होती की आधार नोंदणीच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, ज्याला ‘पॅच’ म्हणत होते, अडीच हजार रुपयांत मिळतो आणि त्यानं जागेची तपासणी बंद पाडता येते. आधार प्राधिकरणानं ती बातमी साफ नाकारली. कोण खरं ते बाजूला ठेवा. जो समाज वीस वर्षं ‘क्रॅक मारून दे’ म्हणत आलाय, त्यात असा पॅच विकला जाण्याचं कुणाला नवल वाटलं नाही, हे मात्र मला तेव्हाही खटकलं होतं.

इकडं कंपनीनंही रीत बदलली. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आली. आता ॲक्टिव्हेट केली नाही तरी ती चालते, फक्त कोपऱ्यात त्या दोन करड्या ओळी येतात आणि वॉलपेपर-रंग बदलू देत नाही. पहिलं वर्ष तर जुन्या विंडोजवाल्यांना फुकट. नवी घ्या म्हणून इतका तगादा, की सूचनेची चौकट फुली मारून बंद केली तरी त्याचा अर्थ ‘होय’ असा घेतला जायचा. एवढं औदार्य कशाला? कारण आता किंमत पैशात नाही तर माहितीत वसूल होते. कोणते ॲप वापरता, किती वेळ वापरता हे कळवणारी यंत्रणा, प्रत्येकाला एक जाहिरातीचा क्रमांक. जुलै २०१६ मध्ये फ्रान्सच्या खाजगीपणा जपणाऱ्या सरकारी आयोगानं मायक्रोसॉफ्टला नोटीस काढली की गरजेपेक्षा जास्त गोळा करताय. कंपनीनं कमी केलं, वर्षभरात नोटीस मिटली. फ्रान्सला विचारायला आयोग होता. आपल्याकडं खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टानं २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यातही दीड वर्षाची मुदत.

विंडोज ११ बसवतानाच ईमेलचं खातं मागते. आता हे आपल्या तालुक्यात कसं होतं? पोराला लॅपटॉप घेतला, बापाला स्वतःचा ईमेल माहीत नाही, दुकानदार घाईत स्वतःचाच नाहीतर तिथल्या तिथं बनवलेला टाकतो आणि पासवर्ड कुणीच लिहून ठेवत नाही. २०२४ च्या शेवटापासून नव्या मशीनची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या ईमेलच्या खात्यात जाऊन बसते. उद्या मशीननं किल्ली मागितली तर ती कुणाच्या खात्यात शोधणार? हे कुलूप चोरापासून राखायला आहे, चांगलंच आहे, पण किल्ली आपल्या नावावर तरी पाहिजे.

किल्ली दुसऱ्याकडं असली की काय होतं ते मोठ्यांनाही कळलंय. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं निर्बंध घातल्यावर मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टनं बंद केल्या. ईमेल बंद, स्वतःची माहिती बघता येईना. लायसनचे पैसे पूर्ण भरलेले होते, निर्बंध भारताचे नव्हते. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि काही दिवसांत सेवा परत चालू झाली. नायराकडं वकील होते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले. आणखी एक वर्ष हवे असतील तर कंपनीनं आपल्याकडं तीन वाटा ठेवल्या. पैसे भरा, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे हजार पॉइंट द्या, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून मशीनची सेटिंग त्यांच्याकडं जमा ठेवा. आणि जुन्या मशीनला विंडोज ११ चालत नाही, तिला टीपीएम २.० नावाची चिप लागते. आपल्या बहुतेक केंद्रांवर, शाळांत, पतसंस्थांत जुनीच मशीन आहेत.

‘लिनक्स टाका’ असं पुण्या-मुंबईचे मित्र लगेच सांगतात. फुकट आहे, की लागत नाही, केरळनं शाळांत ते करून दाखवलंय, सी-डॅकनं २००७ मध्ये ‘बॉस’ काढलंय. पण अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, सहीचं डोंगल, टॅली, श्रीलिपी, जुना प्रिंटर, यातलं एक जरी अडलं तर केंद्रासमोरची रांग त्या पोराला खाऊन टाकील. सरकारनं आपली सगळी संकेतस्थळं आणि यंत्रं लिनक्सवर चालतील अशी आधी करावीत. तोवर निदान जिल्हा प्रशासनानं एवढं तरी करावं : प्रत्येक सेवा केंद्राच्या एका मशीनचं विंडोजचं लायसन परवान्याच्या खर्चात धरावं, आणि अर्ज भरला की गिऱ्हाइकाची कागदपत्रं पुसायची सक्ती करावी. दुसऱ्याला तर पैसाही लागत नाही.

आपण काय करायचं? अर्ज भरून झाला की चालकाला म्हणायचं, ‘‘दादा, माझे कागद डिलिट करा, रिसायकल बिनमधूनपण.’’ आधार देताना पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून द्यायचं, जिथं चालतं तिथं. स्वतःच्या लॅपटॉपवर सेटिंगमध्ये कुणाचा ईमेल आहे तो आजच बघायचा.

आणि एक विनंती. कुणाकडं प्रिंटरच्या पोर्टचं जुनं श्रीलिपीचं लॉक चालू स्थितीत असेल, आणि ते लावायला तसलं जुनं मशीन असेल, तर मला मेसेज करा. जिल्हा झाला त्या वेळच्या आपल्या भागातल्या काही अंकांच्या सीड्या लोकांकडं पडून आहेत. सीड्या खराब व्हायच्या आत त्या फायली उघडून युनिकोडमध्ये घ्यायच्या आहेत.